प्रोग्रॅमिंग भाषेच्या टूलची कॉन्फिगरेशन फाइल होम फोल्डरमधून '.कॉन्फिग'मध्ये हलवावी का?

तुमच्या भाषेचा पॅकेज मॅनेजर (इतरांनी लिहिलेला तयार कोड उतरवून बसवणारे टूल) आपले सगळे सामान होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या एकाच फोल्डरात ठेवतो, वापरकर्ते मात्र एक्सडीजीच्या (लिनक्ससारख्या सिस्टिमवर कोणत्या फाइली कुठे ठेवाव्यात हे सांगणारे स्पेसिफिकेशन) नियमाप्रमाणे ते '.कॉन्फिग'मध्ये न्या म्हणतात, आणि पुढच्या आवृत्तीत तसे करावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मुंबईत नोकरी सांभाळून गेली काही वर्षे अशाच एका लहान भाषेची टूल्स सांभाळतो. माझे मत असे की नवी जागा जरूर स्वीकारावी, पण वापरकर्त्याची फाइल टूलने स्वतःहून हलवू नये.

त्याआधी त्या फोल्डरात काय काय आहे ते पाहा. आमच्याकडे हाताने लिहिलेली सेटिंग्ज, रजिस्ट्रीचे (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्याचे) पासवर्डसारखे खासगी टोकन आणि उतरवून घेतलेली पॅकेजेस एकत्रच पडलेली होती. रस्ट भाषेच्या कार्गो या पॅकेज मॅनेजरचेही '.कार्गो' फोल्डर याच वळणाचे आहे आणि त्यात इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅमही असतात. आमच्या उपनगरातील एका कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांचे होम फोल्डर सर्व्हरवर होते आणि प्रत्येकाला जागेची मर्यादा होती. आमच्या पॅकेजेसनी ती भरली आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला मुलांना लॉगिनच करता येईना. ते फोल्डर पुसून टाका, असेही सांगता येईना, कारण टोकन त्यातच होते. एक्सडीजीचा खरा उपयोग इथे आहे: सेटिंग्ज '.कॉन्फिग'मध्ये, केव्हाही पुसता येईल असा माल '.कॅश'मध्ये, टिकवायचा डेटा '.लोकल'मधल्या 'शेअर'मध्ये, आणि 2021 पासून इतिहास, लॉग वगैरेंसाठी शेजारीच 'स्टेट'. तेव्हा आधी कॅश वेगळी काढा. ती पुन्हा उतरवता येते, त्यामुळे त्यात धोका जवळजवळ नाही.

सेटिंग्जच्या फाइलचे तसे नाही. आम्ही हौसेने एका आवृत्तीत ती आपोआप हलवली. पुष्कळ लोक आपल्या सेटिंग्ज गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारे टूल) ठेवतात आणि होम फोल्डरमध्ये फक्त सिम्बॉलिक लिंक (खऱ्या फाइलचा पत्ता दाखवणारी नोंद) करतात. आमच्या टूलने ती लिंकच उचलून दोन पायऱ्या आत नेली. लिंकमधला पत्ता सापेक्ष, म्हणजे लिंकच्या जागेपासून मोजलेला, असल्यामुळे ती आता कुठेच पोहोचत नव्हती. टूलला फाइल सापडेना, म्हणून त्याने कोरी सेटिंग्ज गृहीत धरली आणि एका वापरकर्त्याची पॅकेजेस त्याच्या कंपनीच्या रजिस्ट्रीऐवजी सार्वजनिक रजिस्ट्रीतून येऊ लागली. एररचा एक शब्दही छापला गेला नाही, हे सर्वांत वाईट.

गिटने हा प्रश्न 2012 मध्ये 1.7.12 या आवृत्तीत फार समंजसपणे सोडवला. ते दोन्ही जागा वाचते, आधी एक्सडीजीची आणि मग जुनी '.गिटकॉन्फिग', त्यामुळे मतभेद असल्यास जुनीचे चालते. नव्या जागी ते तेव्हाच लिहिते, जेव्हा तिथे फाइल असते आणि जुनी नसते. आम्ही आता याहून सोपा नियम ठेवला आहे: जुनी फाइल असेल तर तीच वाचायची, नसेल तर नवी, आणि दोन्ही असतील तर कोणती वाचली हे ठळकपणे सांगायचे. जुनी जागा वाचणे बंद करण्याची तारीख आम्ही ठरवलेली नाही आणि ठरवण्याची घाईही नाही.

एक्सडीजीची जागा ठरवणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकामे असेल तर ते नाहीच असे समजायचे, आणि त्यात सापेक्ष पत्ता असेल तर दुर्लक्ष करायचे, असे स्पेसिफिकेशन सांगते; हे तपासायला बरेच जण विसरतात. मॅकवर वाद होणारच. गो भाषेचे स्टँडर्ड लायब्ररीतले फंक्शन तिथे 'लायब्ररी'मधले 'ॲप्लिकेशन सपोर्ट' देते, पण टर्मिनलवर राहणाऱ्यांना '.कॉन्फिग'च हवे असते (आणि नावातल्या त्या स्पेसने किती शेल स्क्रिप्ट्स मोडल्या असतील, देव जाणे). आम्ही मॅकवरही '.कॉन्फिग'च ठेवले.

कोडला हात लावण्यापूर्वी एक छोटी कमांड मात्र लिहा: सेटिंग्ज, कॅश आणि टोकन सध्या कुठून वाचले जात आहेत, ते पूर्ण पत्त्यासह छापणारी. आता कोणी तक्रार घेऊन आले की आम्ही प्रथम तिचेच आउटपुट मागतो.