महाबळेश्वरात दव गोठते तेव्हा तिथली मूळची झाडे कशी तगतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: वेण्णा तलावाकाठी दव गोठते तेव्हा तिथली मूळची झाडे मरत कशी नाहीत, आणि साताऱ्याच्या डोंगरांवरची पानगळ थंडीमुळेच होते का. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतरही थंडीत पहाटे वही घेऊन तिकडे जातो, म्हणून पाहिलेलेच सांगतो.

मुळात सगळे महाबळेश्वर गोठत नाही. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडते, तिला टेकलेली हवा गार व जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि वेण्णा तलाव, लिंगमळा अशा खोलगट जागी साचते. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर पेटीत असतो, तर गवताच्या पात्यांवरचे तापमान त्याहून चार-पाच अंशांनी सहज खाली जाते. त्यामुळे नोंद ५ अंशांची असली तरी त्याच पहाटे गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. (वर्तमानपत्रे याला हिमकण म्हणतात, आमच्या घरात ‘दहिवर’ म्हणत आणि मला तोच शब्द आवडतो.) स्ट्रॉबेरीचे पान जवळून पाहिले, तर कडेच्या दात्यांवर पानानेच बाहेर टाकलेले पाण्याचे थेंब मण्यांसारखे गोठलेले असतात. तिथून थोडे चालून अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या रानात शिरलो, की पालापाचोळा नुसता ओलसर लागतो, कारण जमिनीतून निसटणारी ऊब वरचे गच्च छत अडवून धरते. दहिवर पडते ते बहुतांशी आपण मोकळ्या केलेल्या जमिनीवर. मूळच्या वनस्पतींपैकी तिथे करपलेले मला दिसले ते उघड्यावरच्या नेच्यांचे शेंडे, तेवढेच.

पानगळीचे कारण मात्र मुख्यतः पाणी आहे. यवतेश्वरच्या उतारावरची सावर डिसेंबरअखेर उघडी पडते, तेव्हा खाली विहिरीकाठची सावर त्याच थंडीत आणखी दोन-तीन आठवडे पाने धरून असते. शिवाय जानेवारीच्या ऐन कडाक्यात त्याच निष्पर्ण फांद्यांवर कळ्या येतात, पांगाराही त्याच सुमारास फुलू लागतो. थंडीने हाय खाल्लेले झाड असे वागणार नाही.

कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तर थंडीला गाठायला फारसे काही उरलेलेच नसते. जांभ्यावरचा मातीचा पातळ थर ऑक्टोबरच्या उन्हातच वाळतो, तोवर तेरडा आणि सीतेची आसवे बी टाकून संपलेली असतात, आणि साताऱ्याचे नाव शास्त्रीय नावात वागवणारा वायतुरा सुकलेल्या डबक्याच्या तळाशी कंद होऊन पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो.