नेट गेले तरी घरच्या सर्व्हरवर प्रत्येकाचे प्रोफाइल वेगळे ठेवायचे, तर

प्रश्न : आमचे गाव चिपळूणजवळ. पावसाळ्यात फायबर तुटली की दोन-दोन दिवस नेट नसते. जुन्या लॅपटॉपवर प्लेक्स, म्हणजे घरातले सिनेमे टीव्ही-फोनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालवतो. सिनेमे आणि मुलांची कार्टून त्याच्याच हार्ड डिस्कवर आहेत. तरी नेट गेले की टीव्हीवर प्रोफाइल बदलत नाही, कधी कधी सर्व्हरच सापडत नाही. फाइल घरात, टीव्ही घरात, मग इंटरनेट लागते कशाला?

उत्तर : फाइल घरात आहेत, पण खाती घरात नाहीत. प्लेक्सची खाती कंपनीच्या सर्व्हरवर असतात. टीव्हीवर एका प्रोफाइलवरून दुसऱ्यावर जाताना ॲप तिकडे विचारते, पिन तिकडेच तपासला जातो आणि पुढची परवानगीही तिकडूनच येते. त्यामुळे आधीपासून लॉगिन असलेले प्रोफाइल काही ॲपमध्ये चालत राहते, पण अदलाबदल अडते.

सर्व्हर न सापडण्याचे कारण वेगळे आहे. जोडणी सुरक्षित राहावी म्हणून प्लेक्स तुमच्या लॅपटॉपला 'प्लेक्स डॉट डायरेक्ट'ने संपणारे एक नाव देतो आणि ॲप त्या नावाने लॅपटॉप शोधते. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस यंत्रणा इंटरनेटवर. ती गप्प झाली की शेजारच्या खोलीतला सर्व्हरही हाती लागत नाही.

पुढचे बदल नेट चालू असतानाच करून ठेवा. सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क' विभाग उघडा आणि 'शो ॲडव्हान्स्ड' दाबा. 'सिक्युअर कनेक्शन्स' हे 'रिक्वायर्ड'वर असेल तर 'प्रेफर्ड' करा. टीव्हीवरच्या ॲपमध्ये असुरक्षित जोडणीची परवानगी फक्त 'सर्व्हर ज्या नेटवर्कवर आहे त्याच नेटवर्कवर' इतपत द्या. मग सर्व्हरच्या त्याच 'नेटवर्क' विभागात खाली 'विदाउट ऑथ' म्हणजे लॉगिनशिवाय चालणाऱ्या पत्त्यांची चौकट आहे, तीत टीव्हीचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक लिहा.

बरेच जण इथे १९२.१६८.१.०/२५५.२५५.२५५.० असे लिहून घरातले सगळेच नेटवर्क मोकळे करतात. तसे करू नका. या यादीतून लॉगिनशिवाय आत येणाऱ्याला प्लेक्स मालक समजतो. मुलांवरचे निर्बंध लागू राहत नाहीत आणि कोणी काय पाहिले, कुठवर पाहिले, ते सगळे मालकाच्या खात्यावर चढते. यादीत दिवाणखान्यातल्या टीव्हीचा एकच पत्ता ठेवा, मुलांचा टॅब नको. टीव्हीचा पत्ता बदलू नये म्हणून राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात तो राखून ठेवा.

एवढे करूनही प्लेक्सवर नेटशिवाय पाच माणसांची पाच प्रोफाइल नीट चालतील, अशी आशा धरू नये. तुमच्याकडे हे दर पावसाळ्यात होत असेल तर जेलीफिन या प्लेक्ससारख्याच सॉफ्टवेअरवर जा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जेलीफिन नेटशिवाय खरेच पूर्ण चालते का? घरात आजी, आम्ही दोघे आणि सात व बारा वर्षांची मुले आहेत. खाती कशी पाडावीत?

उत्तर : पूर्ण चालते. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या अशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेला हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आहे. वापरकर्ते, पासवर्ड, पाहिल्याच्या खुणा हे सगळे तुमच्याच यंत्रावरच्या डेटाबेसमध्ये राहते. लॉगिनसाठी बाहेर विचारावेच लागत नाही. ब्राउझरमधली पानेही तुमचाच सर्व्हर पुरवतो. टीव्ही-फोनवरची ॲप मात्र नेट असताना उतरवून ठेवा.

सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२०, आणि सगळ्या ॲपमध्ये इंग्रजी अंकांत तोच भरा. पत्त्यापुढे ':' देऊन शेवटी पोर्ट ८०९६. डोमेनचे नाव किंवा एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) वापरले, तर नेट गेल्यावर प्लेक्ससारखीच अडचण दारात उभी राहील.

आता खाती. व्यवस्थापकाचे खाते निराळे ठेवा, त्यावरून सिनेमे पाहू नका. टीव्हीवर ते लॉगिन राहिले तर मुले थेट सेटिंग्जमध्ये पोहोचतात. मग 'डॅशबोर्ड'मधल्या 'युजर्स'मध्ये एकेक खाते काढा. प्रत्येक खात्यात 'ॲक्सेस टू ऑल लायब्ररीज'ची खूण काढून हवी तेवढीच लायब्ररी निवडा. आजींच्या खात्याला पासवर्ड नाही दिला तरी चालेल. मोठ्यांच्या खात्यांना द्यायलाच हवा, नाहीतर मुलांवरच्या बंधनांना अर्थ उरत नाही. अँड्रॉइड टीव्हीच्या ॲपमध्ये आपोआप लॉगिन बंद ठेवा, म्हणजे दर वेळी नावे समोर येतील.

मुलांसाठी प्रमाणपत्राच्या दर्जावर विसंबू नका. दर्जाची माहिती इंटरनेटवरून येते, मराठी सिनेमांच्या बाबतीत ती अनेकदा रिकामी असते. शिवाय सेन्सॉर बोर्डाने २०२४ पासून 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग केले, पण जुन्या सिनेमांवर नुसते 'यूए'च आहे. सरळ मार्ग म्हणजे हार्ड डिस्कवर 'लहान', 'किशोर', 'सर्व' असे तीन फोल्डर आणि त्यांच्या तीन लायब्ररी. धाकट्याला पहिली, थोरलीला पहिल्या दोन. जोडीला 'पॅरेंटल कंट्रोल'मध्ये दर्जा नसलेल्या गोष्टी अडवण्याची सोय आहे. ती लावली तर मुलांच्या फोल्डरमधल्या फाइलना दर्जा हाताने भरावा लागेल, नाहीतर त्यांची कार्टूनही गायब होतील.

आजींसाठी आणखी एक. त्यांच्या खात्याच्या 'प्लेबॅक' सेटिंगमध्ये ऑडिओची पसंतीची भाषा मराठी करा आणि 'भाषा कोणतीही असो, डिफॉल्ट ट्रॅक वाजव' अशा अर्थाची खूण काढा. खूण राहिली तर पसंतीची भाषा लागू होत नाही. तरीही हिंदीच वाजत असेल तर फाइलमधल्या ट्रॅकवर भाषेची चिठ्ठी नसणार. संगणकावरच्या एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरच्या 'हेडर एडिटर'मध्ये एमकेव्ही फाइल उघडून त्या ट्रॅकची भाषा मराठी करा. सेकंदाचे काम आहे, फाइल पुन्हा एन्कोड होत नाही. मग लायब्ररी परत स्कॅन करा. तोच सिनेमा आजींना मराठीत आणि मुलांना हिंदीत सुरू होतो, तेव्हा वेगळ्या प्रोफाइलचे मोल कळते.

प्रश्न : जेलीफिन रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवण्याची सोय) आहे. मुलांच्या खात्याला संध्याकाळी ५ ते ८ ची वेळ लावली आहे. लाइट जाऊन आली आणि नेट नसले की वेळ चुकते. दुपारी टीव्ही चालतो, ६ वाजता म्हणतो परवानगी नाही.

उत्तर : आधी फरक मोजा. तो बरोबर साडेपाच तासांचा असेल तर कंटेनरची वेळ ग्रीनिचची आहे. कंटेनरच्या सेटिंगमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता लिहून तो पुन्हा चालू करा.

फरक दर वेळी निराळा येत असेल तर दोष घड्याळाचा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. लाइट गेली की तो शेवटची नोंदलेली वेळ धरतो, आणि सुरू झाल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ घेतो. नेट नसेल तर दुपारी १२ ला गेलेली लाइट ५ ला आली तरी त्याच्या लेखी १२ च वाजलेले असतात. तुमची मुले ६ वाजता टीव्हीसमोर बसतात तेव्हा पायच्या घड्याळात १ वाजलेला असतो.

उपाय स्वस्त आहे. डीएस३२३१ चे घड्याळ-मॉड्यूल घ्या. पायच्या पिन १ वर ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए, ५ वर एससीएल, ६ वर ग्राउंड जोडा. पायच्या सेटिंगमध्ये आयटूसी, म्हणजे या पिनांवरून मॉड्यूलशी बोलण्याची सोय चालू करा, कॉन्फिग फाइलमध्ये या घड्याळाचा ओव्हरले, म्हणजे पायला ते ओळखायला लावणारी ओळ टाका आणि नेट असताना खरी वेळ एकदा त्यात लिहा. एक खबरदारी : काही मॉड्यूलवर सेल चार्ज करणारे सर्किट असते. त्यात साधा सीआर२०३२ सेल घालणे धोक्याचे आहे, चार्ज होणारा एलआयआर२०३२ घाला. पाय ५ मध्ये घड्याळ मुळातच आहे, त्याला फक्त बॅटरी जोडावी लागते.

प्रश्न : नेट गेले की फोनवर जेलीफिन उघडतच नाही, टीव्हीवर मात्र चालते.

उत्तर : वायफायवर इंटरनेट नाही हे कळताच अँड्रॉइड फोन मोबाइल डेटाकडे वळतो आणि घरचे नेटवर्क सुटते. 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, जोडलेले राहायचे का?' असे विचारले की होकार द्या. तरी भागले नाही तर पाहताना मोबाइल डेटा बंद ठेवा.

आणि राउटर चालू हवा, हे विसरू नका. नेट आणि लाइट बहुधा एकदमच जातात. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. व्होल्टेज ॲडॉप्टरवर वाचूनच घ्या. सर्व्हर लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी आहेच, म्हणून अशा गावांत आम्हाला पायपेक्षा जुना लॅपटॉप बरा वाटतो.

प्रश्न : नेट नसताना नवे सिनेमे टाकले की पोस्टर येत नाही, माहितीही नाही.

उत्तर : ती बाहेरून येते. फोल्डरला 'सिनेमाचे नाव (वर्ष)' असे नाव द्या. नेट आल्यावर जुळणी चुकणार नाही. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये माहिती एनएफओ फाइलमध्ये (सिनेमाची माहिती ठेवणारी छोटी टेक्स्ट फाइल) आणि चित्रे सिनेमाच्याच फोल्डरमध्ये साठवण्याच्या खुणा करा. मग हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली तरी पोस्टर सोबत जातात. पाहिल्याच्या खुणा मात्र डेटाबेसमध्ये असतात, त्यासाठी सर्व्हर थांबवून त्याच्या डेटा आणि कॉन्फिग फोल्डरची प्रत घ्यावी लागते.

प्रश्न : व्यवस्थापकाचा पासवर्ड विसरलो. ईमेल वगैरे काही दिलेला नाही.

उत्तर : ईमेल लागत नाही. घरच्या नेटवर्कवरून लॉगिनच्या पानावर 'फरगॉट पासवर्ड' दाबा आणि वापरकर्त्याचे नाव द्या. सर्व्हर आपल्याच डिस्कवर 'पासवर्डरीसेट'ने सुरू होणारी एक फाइल तयार करतो आणि तिचा मार्ग पडद्यावर दाखवतो. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आतला पिन भरा. पिन अर्धा तासच चालतो. आत शिरल्यावर लगेच नवा पासवर्ड लावा. इतरांपैकी कोणी विसरले तर एवढे करायला नको, व्यवस्थापकाला 'युजर्स'मधून त्यांचा पासवर्ड बदलता येतो.