वाचकांचे प्रश्न : हप्ता थकण्याआधी

आंब्याचा हंगाम सरत आला, आता मासेमारीही बंद होईल. या दिवसांत मालवाहतूकदारांची पत्रं जास्त येतात. या अंकात त्यातल्या चार पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : रत्नागिरी–वाशी मार्गावर माझी 19 टनी सहा चाकी गाडी आहे. महिन्याला आठ खेपा होतात, खेपेला 26,000 रुपये भाडं मिळतं, परतीला गाडी बहुतेक रिकामीच येते. गाडी सतत फिरते, तरी 46,000 चा हप्ता भरायला उसने पैसे घ्यावे लागतात. धंदा चालू ठेवू की बंद करू? (संगमेश्वर)

उत्तर : आधी एका खेपेचा हिशेब मांडा. जाऊन-येऊन साधारण 660 किलोमीटर होतात. लिटरला सरासरी 5 किलोमीटर धरले तर 132 लिटर डिझेल, लिटरला 90 रुपये धरून 11,880 रुपये. चालकाचा भत्ता 3,000, टोल आणि किरकोळ 1,500. टायरचे पैसे खेपेच्या हिशेबात कुणी धरत नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. 20,000 चा एक असे सहा टायर 60,000 किलोमीटर चालले, तर किलोमीटरला 2 रुपये, म्हणजे खेपेला 1,320. ऑइल, ग्रीसिंग, लायनर (ब्रेकचं अस्तर), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांचे तेवढेच धरा. एकूण खर्च 19,020, हातात उरले 6,980.

गाडी हलली नाही तरी द्यावे लागणारे पैसे वेगळे : हप्ता 46,000, चालकाचा पगार 18,000, विमा-कर-पासिंगचे महिन्याला 9,000. बेरीज 73,000. ती भरून निघायला 11 खेपा लागतात. तुमच्या आठ होतात, म्हणजे दरमहा 17,000 च्या वर खड्डा. आमचे आकडे काढून तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

या हिशेबाचं उत्तर परतीच्या भाड्यात आहे. वाशी-पनवेलहून किराणा, सिमेंट, खत किंवा आंब्याचे रिकामे क्रेट असं 9,000 चं भाडं मिळालं, तर जादा डिझेल, हमाली आणि दलाली मिळून 3,000 जातात, 6,000 राहतात. महिन्यात अशी चार भाडी मिळाली तरी खड्डा बुजून थोडे उरतात. मात्र त्या भाड्यासाठी दोन दिवस वाशीत गाडी उभी राहिली तर पुढची खेप बुडते. एका दिवसापेक्षा जास्त थांबू नका.

आता उधारी बघा. भाडं 60 दिवसांनी मिळत असेल, तर आठ खेपांचे 1,52,160 याप्रमाणे दोन महिन्यांचे तीन लाख रुपये तुमच्या खिशातून रस्त्यावर पडलेले असतात. वहीत नफा दिसत असतानाही गाड्या ओढून नेल्या जातात त्या यामुळे. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी विनामूल्य आहे, ती काम घेण्याआधी करा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने लेखी कराराची मुदतही 45 दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पुष्कळ कारखान्यांचा लेखा विभाग तेवढ्यानेही बिल लवकर काढतो, कारण मुदतीत न दिलेली रक्कम त्यांना त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

खेपेला काही उरत असेल, पण हप्ता निघत नसेल, तर गाडी चालू ठेवा आणि फायनान्सकडे मुदत वाढवून मागा. खेपेलाच काही उरत नसेल, तर त्या दिवशी गाडी उभी करा. तोट्याच्या खेपा वाढवून तोटा भरत नाही. मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि तो पहिला हप्ता चुकण्याआधी द्या. 90 दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं आणि पुढे कुठलीच बँक नीट बोलत नाही. दोन हप्त्यांइतकी रोकड शिल्लक असतानाच निर्णय घ्या, हे आमचं कळकळीचं सांगणं आहे.

खड्डा भरायला जादा माल भरू नका. दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, म्हणजे तुमच्या जवळजवळ तीन खेपांची कमाई. जांभ्याचे चिरे भरणाऱ्यांनी विशेष जपावं. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो. उन्हाळ्यात काट्यावर वजनाच्या मर्यादेत बसणारे तेवढेच चिरे जुलैत बसत नाहीत. चिरे मोजून भरू नका, काट्यावर वजन करून भरा.

प्रश्न : एक ओळखीचा गृहस्थ माझी गाडी ‘हप्त्यावर’ घ्यायला तयार आहे. मला दीड लाख रोख देईल, पुढचे हप्ते तो भरेल, स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करू म्हणतो. फायनान्सला सांगायची गरज नाही असं त्याचं म्हणणं आहे. (लांजा)

उत्तर : करू नका. त्या कागदाने गाडी त्याची होत नाही. कर्ज तुमच्या नावावर, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) तुमच्या नावावर आणि जामीनदार तुमचा भाऊ किंवा मेहुणा. त्याने तीन हप्ते चुकवले की वसुलीवाले तुमच्या दारात येतील. कशेडी घाटात अपघात झाला आणि विमा संपलेला असला, तर भरपाई तुमच्याकडून वसूल होईल. ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

विकायचीच असेल तर फायनान्सकडून संपूर्ण कर्जफेडीचा आकडा लेखी घ्या; त्यावर तारीख असते, तेवढ्या दिवसांत व्यवहार उरका. घेणाऱ्याने ती रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, उरलेली तुम्हाला बँकेतून द्यावी. मग फायनान्सचं ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा, आणि फॉर्म 29 व 30 भरून नाव बदला. सिंधुदुर्गातल्या माणसाने रत्नागिरीची एमएच 08 गाडी घेतली आणि तिकडे नोंदवायची असेल, तर फॉर्म 28 लागतो. ई-चलनं आधी भरा, थकलेल्या चलनावर काम अडतं. फास्टॅग बंद करा, नाहीतर त्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. विमा नावावर करून घ्यायला घेणाऱ्याला 14 दिवस असतात. आरसीवर नवं नाव दिसेपर्यंत चावी देऊ नका.

कर्जाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला तरी स्वतः विकणं बरं. ओढून नेलेली गाडी लिलावात कमी दराने जाते आणि उरलेली रक्कम तुमच्याकडून आणि जामीनदाराकडूनही मागितली जाते. गाडी न्यायला कुणी आलंच, तर नोटीस आणि अधिकारपत्र मागा. लिलावाआधी पैसे भरायची शेवटची संधी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळात करता येतात. दमदाटी झाली तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.

प्रश्न : ज्या ट्रान्सपोर्टच्या हाताखाली आम्ही गाड्या लावायचो, त्यांनी कार्यालयाला कुलूप लावलं. 2,80,000 रुपये भाडं अडकलं आहे, त्यातला 90,000 चा चेक परत आला. (कणकवली)

उत्तर : चेकची तारीख आधी बघा. बँकेने चेक परत केल्याची स्लिप मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत स्पीड पोस्टाने नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्यांना 15 दिवस, त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. नोटिशीचे दिवस गेले आणि चेक तीन महिन्यांच्या मुदतीत असेल, तर पुन्हा बँकेत टाका.

उरलेल्या रकमेसाठी प्रत्येक खेपेची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) आणि माल उतरल्याची सही-शिक्क्याची पोच एकत्र करा. पोच नसेल तर आजच माल घेणाऱ्याकडे जाऊन डुप्लिकेट आणा, सहा महिन्यांनी कोणी देणार नाही. मग त्यांचा धंदा कोणत्या स्वरूपाचा होता ते शोधा. एकट्याच्या मालकीचा असेल तर त्याची स्वतःची मालमत्ताही जबाबदार. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला बांधील. प्रायव्हेट लिमिटेड दिवाळखोरीत गेली असेल, तर जाहीर सूचनेतल्या तारखेच्या आत फॉर्म बी भरून दावा लावा. दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षांची. ज्यांचा माल नेला त्या कारखान्यालाही लिहा : त्यांच्याकडून ट्रान्सपोर्टचं देणं बाकी असेल, तर ट्रान्सपोर्टच्या लेखी संमतीने ते थेट तुम्हाला देऊ शकतात. दुसऱ्याचा माल मात्र गाडीत अडवून ठेवू नका, त्यातून उलट फौजदारी मागे लागते.

प्रश्न : पावसाळाभर गाडी उभी ठेवणार आहे. काय जपावं? (देवगड)

उत्तर : कागदांपासून सुरुवात करा. गाडी वापरात नसल्याची सूचना आरटीओला आगाऊ द्या, मागाहून दिलेली कराच्या सवलतीला चालत नाही. आयकर अंदाजी पद्धतीने भरत असाल, तर 12 टनांवरच्या गाडीला टनाला 1,000 रुपये दरमहा उत्पन्न धरतात आणि उभ्या गाडीचे महिनेही त्यात मोजले जातात.

गाडी गवतावर लावू नका, खालून ओल चढते, कातळावर लावा. आधी गोड्या पाण्याने चेसिस आणि पाटे धुवा, खाऱ्या हवेचा थर तसाच राहिला तर गंज त्याखालून धरतो. वाळल्यावर पाट्यांना ग्रीस लावा. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरून पाणी होतं. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी काढा. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडा. इंजिन पाच मिनिटं चालू करून बंद करण्यात फायदा नाही; चालू केलंत तर अर्धा तास, पूर्ण तापेपर्यंत चालवा.

सर्वांत जास्त नुकसान ब्रेकचं होतं. हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतो, लायनर ड्रमला चिकटतो आणि सप्टेंबरात चाकं फिरत नाहीत. म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून फिटरकडून स्प्रिंग चेंबरचा बोल्ट आवळून ब्रेक सोडून घ्या. गाडी बाहेर काढताना तो बोल्ट पूर्ववत करून हवा पूर्ण भरेपर्यंत ठोकळे काढू नका, तोवर गाडीला हँडब्रेक नसतो.