प्रश्न वाचकांचे : तीन रायफली, जागा दोनच

प्रश्न : माझ्या परवान्यावर वडिलांची बीएसए .315 रायफल आहे. चुलत आजोबांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दोन रायफली वारसाने माझ्याकडे येण्याचं चाललंय. एकीवर ‘जॉन रिग्बी, लंडन’ आणि .275 असं कोरलेलं आहे. दुसरी मॅनलिकर-शोनॉवर, 6.5 मिलिमीटरची. परवान्यावर दोनच ठेवता येतात. भावकीत कुणी म्हणतं रिग्बी विलायती म्हणून ती ठेव, कुणी म्हणतं मॅनलिकरचा बोल्ट एका बोटाने चालतो, तिच्यासारखी दुसरी नाही. बीएसए काढून टाक, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. तुम्ही काय म्हणाल? – एक वाचक, हदगाव (जि. नांदेड)

उत्तर : भावकीचं एकमत जिथे झालंय तिथेच माझा विरोध आहे. पण आधी रिग्बीकडे वळू.

नाव लंडनचं असलं तरी तिची ॲक्शन, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा, जर्मन असणार. रिग्बी बोल्ट-रायफलींसाठी ॲक्शन स्वतः घडवत नसे, नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फमधल्या माऊझर कारखान्यातून मागवत असे. नळी, दस्ता, नेमणी, शेवटचा हात हे लंडनचं काम. .275 रिग्बी हे काडतूसही मुळात माऊझरचं 7×57 आहे. जिम कॉर्बेटना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये जी रायफल भेट मिळाली, ती याच जातीची. म्हणजे तुमची रिग्बी ही माऊझरही आहे, दोन्ही एकाच रायफलीत आहेत.

या ॲक्शनचं मी मनापासून कौतुक करतो. जर्मन सैन्याने 1898 मध्ये स्वीकारलेली ही रचना आजही बोल्ट-रायफलीचा पाया आहे. काडतूस मॅगझिनमधून वर येताच बोल्टवरची लांब पट्टीची नखी त्याची कड पकडते आणि रिकामं टरफल बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. घाईत बोल्ट अर्धाच ढकलून मागे ओढला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. जखमी जनावर समोर असताना याचा अर्थ काय होतो, हे जुन्या शिकाऱ्यांना विचारायला हवं होतं. बोल्टच्या तोंडाशी दोन लग (बार होताना बोल्टला जागेवर धरणारे कान), मागे तिसरा राखीव. टरफल फाटलंच तर वायू डोळ्याकडे न येता बाजूला जावा म्हणून बोल्टला भोकं ठेवलेली आहेत आणि मागच्या टोपणाला रुंद कड आहे. पॉल माऊझरने चालवणाऱ्याच्या डोळ्याचा इतका विचार केला, म्हणून मला तो मोठा कारागीर वाटतो.

मॅनलिकरबद्दल भावकी खोटं बोलत नाही. ऑस्ट्रियातल्या स्टायर कारखान्याची 1903 ची ही रचना माझ्या हाताखालून गेलेल्या रायफलींत सर्वांत सुरेख चालते. आतलं मॅगझिन गोल फिरणारं आहे, प्रत्येक काडतूस स्वतःच्या खोबणीत बसतं, एकमेकांवर घासत नाही. पण ती खोबण एकाच काडतुसाच्या मापाची कापलेली असते. 6.5×54 मिळालं नाही तर दुसरं काही तिला चालत नाही, आणि आपल्याकडे ते मिळणं फार अवघड. शिवाय बोल्टच्या वाटेसाठी रिसीव्हरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचा) मागचा पूल मधोमध चिरलेला असल्याने दुर्बीण बसवायलाही त्रास.

आता बीएसए. इंग्रज राजवटीत .303 हा लष्करी बोअर (नळीचं माप) साध्या माणसाला मिळत नसे, म्हणून बर्मिंगहॅमच्या या कंपनीने ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फिल्ड रायफलीच्याच घाटाची ॲक्शन .315 मध्ये दिली. पुढे आपल्या सरकारी कारखान्यांनी तोच घाट चालू ठेवला, त्यामुळे काडतूस आजही देशातच बनतं. लग मागच्या बाजूला असल्याने बार होताना बोल्ट किंचित दबतो, टरफल थोडं ताणतं. जोरकस काडतुसासाठी हा दोषच आहे, पण .315 च्या दाबाला ही ॲक्शन पुरून उरते. उलट मूठ उचलायची ती साधारण 60 अंश, माऊझरची 90. धूळ-चिखल ती निमूट सोसते. ‘पोलिसांची बंदूक’ म्हणून तिला हिणवू नका.

म्हणून माझं मत : माऊझर, म्हणजे तुमची रिग्बी, आणि बीएसए ठेवा. मॅनलिकर भावकीतल्या दुसऱ्या पात्र माणसाच्या परवान्यावर द्या, नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. नळी कापून, मॅगझिन बदलून तिचं वाटोळं करू देऊ नका, कळकळीने सांगतो. हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या लेखी परवानगीनेच. तोवर त्या दोन्ही रायफली घरी आणू नका.

मात्र माऊझर नावावर घेण्याआधी विक्रेत्याच्या दुकानात बोल्ट काढून बघा. त्यावरचा नंबर रिसीव्हरच्या नंबराशी जुळतो का? पुढच्या दोन्ही लगांची मागची पाठ सारखीच चकाकते का? एकच चकाकत असेल तर सगळा भार एकट्यावर येतोय. मग गो आणि नो-गो गेज (बोल्ट व काडतूस यांमधली जागा तपासणारी मापं) लावून घ्या. यात ती नापास झाली तर माझं मत बदलेल, नळीवर कुणाचंही नाव असो.

प्रश्न : अमेरिकेची 1903 ची स्प्रिंगफिल्ड ही माऊझरवरूनच बेतलेली आहे असं वाचलं. मग तिच्याच जुन्या रायफली धोक्याच्या का मानतात? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : छान प्रश्न, आणि माझ्या जिव्हाळ्याचा, कारण माझी नोकरी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत टूलरूमच्या भट्टीपाशी गेली.

बेतलेली होती हे खरंच. अमेरिकी सरकारने माऊझर कंपनीला त्यापोटी 2 लाख डॉलरपर्यंत स्वामित्वशुल्क द्यायचं कबूल केलं. रचनेत खोट नव्हती, खोट पोलादाला पाणी देण्यात होती. रिसीव्हर किती तापला हे अनुभवी कामगार नजरेने, रंगावरून ठरवत. आपला गावचा लोहार विळ्याला पाणी देताना सावली धरून बसतो ते उगाच नाही. उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस लोखंड अजून तापवत राहतो. स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यात नेमकं हेच झालं. लख्ख उन्हाच्या दिवशी ‘बरोबर’ ठरलेलं तापमान ढगाळ दिवसापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त निघालं. असे रिसीव्हर ठिसूळ झाले, दाब वाढला की वाकण्याऐवजी तुकडे होत. 1917 मध्ये रायफली फुटू लागल्या तेव्हा चौकशी झाली, भट्ट्यांना तापमापक आले, पाणी देण्याची पद्धत बदलली. म्हणून तिथे बनलेल्या 8,00,000 च्या खालच्या नंबरांवर आजही बार करू नये असं जाणकार सांगतात. त्या सगळ्याच वाईट नव्हत्या, पण चांगली कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही.

तेव्हा रचना कुणाची एवढंच विचारू नका. कोणत्या कारखान्याची, कोणत्या साली, हेही विचारा. युद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये बनलेल्या जर्मन माऊझरवर कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. शांततेच्या काळात ओबर्नडोर्फने असा माल दाराबाहेर सोडला नसता.

प्रश्न : जुन्या माऊझरचा बोल्ट जड चालतो. ओळखीचा मिस्त्री पॉलिश पेपरने लग घासून देतो म्हणतो. द्यावी का? – एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : मुळीच नाही. जुन्या माऊझरची वरची साल कडक केलेली असते, आतलं पोलाद मुद्दाम चिवट, मऊसर ठेवलेलं असतं. साल घासून गेली की मऊ भागावर भार येतो, लग रुततात आणि बोल्ट व काडतूस यांमधली जागा वाढते. जड चालण्याचं कारण बहुतेक वेळा वर्षानुवर्षं साचून चिकट झालेलं तेल असतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आटून लाखेसारखं बसतं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून रॉकेलमध्ये भिजवा, खोबणी ब्रशने साफ करा, कोरडं पुसून पातळ तेलाचा नुसता हात फिरवा. तरीही जड राहिला तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि तो लगांना हात लावणार नाही हे आधीच बोलून घ्या.