रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी गोळी का वाढली?

प्रश्न : माझे वडील 56 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्यांना मधुमेहही आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांचे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल 92 आले. लॅबच्या रिपोर्टवर ‘100 पेक्षा कमी असावे’ असे छापलेले असूनही डॉक्टरांनी आणखी एक गोळी सुरू केली. वडील मात्र सगळ्याच गोळ्या बंद करायच्या म्हणतात. ते योग्य ठरेल का? मी 36 वर्षांचा आहे. मी कोणत्या तपासण्या कराव्यात?
– एक वाचक, कराड

उत्तर : वडिलांना कृपया गोळ्या बंद करू देऊ नका. रिपोर्टवरची मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी छापलेली असते. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याचा धोका त्या आकड्यावरून नव्हे, तर त्याच्या पूर्वेतिहासावरून ठरतो. अशी व्यक्ती थेट अतिजोखमीच्या गटात मोडते आणि तिचे एलडीएल 55 च्या खाली असावे, असे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 92 वरून 55 वर येण्यासाठी सुमारे 40 टक्के घट हवी. स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळीचा, डोस दुप्पट केला तरी साधारण 6 टक्क्यांचीच भर पडते, म्हणून बहुधा इझेटिमाइबसारखे दुसरे औषध जोडले गेले असावे, आणि तो निर्णय मला रास्त वाटतो. त्रास जाणवत नाही याचा अर्थ रक्तवाहिन्यांतील चरबीचा थर नाहीसा झाला असा होत नाही.

या गटातले सगळेच रुग्ण आपल्या वडिलांसारखे चटकन ओळखू येत नाहीत, याची मला अधिक काळजी वाटते. थोडे चालले की पोटरीत गोळा येतो आणि थांबले की बरे वाटते, अशी तक्रार घरोघरी वयावर किंवा गुडघ्यांवर ढकलली जाते. प्रत्यक्षात ती पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते, आणि घोटा व दंड येथील रक्तदाबाची तुलना करणाऱ्या साध्या तपासणीत ते कळते. तोंड वाकडे होऊन किंवा हात लुळा पडून दहा मिनिटांत पूर्ववत झालेला माणूसही ‘बरा झालो’ म्हणून डॉक्टरांकडे जातच नाही; पण तो मेंदूचा छोटा झटका असू शकतो. मधुमेहाबरोबर लघवीतून प्रथिने जात असतील किंवा मूत्रपिंडांचे काम फारच मंदावले असेल, तर झटका आलेला नसतानाही धोका तितकाच गंभीर मानावा लागतो.

आता आपल्याविषयी. वडिलांना 52 व्या वर्षी, म्हणजे पुरुषांसाठीच्या 55 वर्षे या वयोमर्यादेच्या आत, हा आजार झाला असल्यामुळे आपला कौटुंबिक इतिहास महत्त्वाचा ठरतो. रक्तदाब, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीचे प्रमाण) या तपासण्या आताच करून घ्या. लिपिड प्रोफाइलसाठी बहुधा उपाशी राहण्याची गरज नसते. लायपोप्रोटीन-ए (रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते, कारण त्याचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते. एलडीएल 190 किंवा त्याहून अधिक आले, तर आनुवंशिक दोषाची शंका घेऊन भावंडांचीही तपासणी करावी. तंबाखू असेल, मग ती विडीतली असो वा मिश्रीतली, तर ती सोडा.

वडिलांची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करावी, आणि त्या वेळी अँजिओप्लास्टीचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. गोळ्यांमुळे स्नायू दुखत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. औषध किंवा त्याचा डोस बदलता येतो.