व्याकरण लिहिणाऱ्या झिलाची केटी

प्रश्न : माझा झील (मुलगा) रत्नागिरीला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी आला की आंब्याच्या ऑर्डरींचे व्हॉट्सअॅप मेसेज घेऊन बसतो. पायथनची लार्क नावाची कसलीशी लायब्ररी आहे, तिच्यात 'व्याकरण लिहितोय' म्हणतो. व्याकरण शाळेत झालं होतं ना? त्यातून थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये केटी, म्हणजे विषय राहिलाय. यात नोकरी आहे, की नुसता वेळ जातोय?
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : केटीचं नंतर बघू. आधी तुमच्या फोनमधले मेसेज बघा. 'दीड डझन', 'साडेतीन डझन', 'पावणेदोनशे नग'. तुम्ही नजर टाकता आणि हिशेब होतो, कारण नियम अंगात मुरलेत. साडे आलं की अर्धा मिळवायचा, पावणे आलं की पाव वजा. पण पावणेदोनशेत तो पाव दोनातून जातो, शंभराने गुणायच्या आधी, म्हणून १७५. साडेएक, साडेदोन कोणी म्हणत नाही, तिथे दीड आणि अडीच. कॉम्प्युटरला यातलं काहीच ठाऊक नसतं. एकेका शब्दासाठी एकेक अट लिहीत गेलं, तर दहावं गिऱ्हाईक वेगळं काही लिहितं आणि सगळं कोलमडतं. तुमचा मुलगा अटी लिहीत नाही, नियम लिहितो : ऑर्डर कशाकशाची बनते, माप कसं येतं, आकडा कसा बनतो. ते दिले की लार्क मेसेजची फोड करून झाडासारखी मांडणी हातात देते. याला पार्सिंग म्हणतात, आणि त्या नियमांना व्याकरण हाच शब्द आहे.

यापुढचं मुलाला वाचायला द्या.

अरे, 'पेटी'चे तुकडे पडतायत का? पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत, \w ही 'कुठलंही अक्षर किंवा आकडा' यासाठीची खूण; तिला काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटत नाहीत. 'रेगेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल टाक आणि लार्कला ते वापरायला सांग. देवनागरी आकड्यांची चिंता नको, ५ चा इंट (पूर्णांक) नीट होतो.

आता 'दोन पेट्या पाच डझन' हा मेसेज घे. पेटीमागे पाच, की दोन्ही मिळून पाच? लार्कची मूळची अर्ली (Earley) पद्धत, तसं सांगितलंस तर, दोन्ही झाडं समोर ठेवते. नाहीतर गुपचूप एक निवडून मोकळी होते. लार्कच्याच दुसऱ्या, वेगवान एलएएलआर (LALR) पद्धतीत ही सोयच नाही. एकाच वाक्याची दोन झाडं निघतात त्या व्याकरणाला काय म्हणतात, हे तुझ्या केटीच्या विषयात आहे. मेसेजवर जे रोज करतोस तेच पेपरात लिहायचं होतं, गड्या! पाठांतर करून गेलास, असा माझा संशय आहे.

आता नोकरी. नुसती लार्क येते म्हणून कोणी घेणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण विस्कळीत मजकुरातून नेमकी माहिती काढणं हे सॉफ्टवेअरमधलं रोजचं काम आहे, आणि मुलाखतीत स्वतःचं काम दाखवणारा वेगळा उठून दिसतो. त्यासाठी काम पुरं हवं. खरे दोनशे मेसेज घे, नावं-नंबर काढून टाक, किती बरोबर वाचले आणि कुठले चुकले ते लिहून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेव. चुकलेलेही ठेव, मुलाखतीत बोलणं त्यांच्यावरच होतं.

केटी मात्र येत्या परीक्षेत सुटलीच पाहिजे. पदवीनंतर एमसीएची सीईटी देता येईल. पुढे एमटेकसाठीची गेट परीक्षा द्यायची झाली, तर तिच्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर दोन्ही आहेत.

आणि बागायतदार, ती 'दोन पेट्या पाच डझन'वाली ऑर्डर खरोखरच आली असेल, तर गिऱ्हाइकाला फोन करून विचारा. ते लार्कचं काम नाही.