टाउनशिपच्या पाण्याचा दर बिल्डरने दुप्पट केला. दाद कुठे मागायची?

तुमच्या पत्रातला मजकूर थोडक्यात असा. महापालिका हद्दीबाहेरच्या एका टाउनशिपमध्ये साडेचार वर्षांपूर्वी फ्लॅटचा ताबा मिळाला. प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणात, नोंदलेला आहे. पाणी आणि सांडपाणी दोन्ही बिल्डरच्याच एका फॅसिलिटी कंपनीकडे. या कंपनीने हजार लिटरचा दर २४ रुपयांवरून ४९ वर नेला, एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) मासिक आकार वाढवला, बिलात ‘प्लांट रिकव्हरी’ अशी नवी ओळ घातली आणि हे सगळं एप्रिलपासून लागू धरून मागची थकबाकी काढली. पंधरा दिवसांत न भरल्यास पाणी तोडण्याची नोटीस. इमारतींच्या सोसायट्या झाल्यात, त्या सगळ्यांचा मिळून संघ, म्हणजे फेडरेशन, अजून नाही. रहिवाशांच्या ग्रुपवर ‘कोणीच बिल भरायचं नाही’ असं ठरत चाललंय. आणि तुम्ही विचारता, असा दर वाढवायला कोणाची मंजुरी लागत नाही का?

विजेचा प्रश्न असता तर उत्तर सोपं होतं. वीज कंपनीला वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं, प्रस्ताव जाहीर करावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात. पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं खरं, पण ते धरण-कालव्यातून घाऊक उचलल्या जाणाऱ्या पाण्याचे दर ठरवतं. टाउनशिपच्या टाकीतून तुमच्या नळापर्यंत येणाऱ्या पाण्याचा दर त्याच्या कक्षेत नाही. म्हणजे दरवाढीआधी मंजुरी घेण्याची पायरीच इथे नाही. ही उणीव मोठी आहे आणि टाउनशिप वाढताहेत तशी ती जास्त टोचणार.

पण आधी मंजुरी लागत नाही म्हणून हवा तो दर लावता येतो, असं मुळीच नाही. रेरा, म्हणजे ज्या कायद्याखाली महारेरा चालतं त्या कायद्याचं कलम ११(४)(डी) वाचा. रहिवाशांची संस्था देखभाल ताब्यात घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची आहे, आणि तीही ‘वाजवी’ आकार घेऊन. तुमचं सगळं प्रकरण या एका शब्दावर उभं राहील. फॅसिलिटी कंपनी म्हणेल, आम्ही बिल्डर नाही, आमचा करार वेगळा. म्हणू द्या. कायद्याने अंगावर टाकलेली जबाबदारी दुसरी कंपनी काढून झटकता येत नाही. तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा.

करारात ‘वेळोवेळी ठरेल त्या दराने’ असं कलम आहे म्हणून तुम्ही धास्तावलाय. असं कलम बहुतेक करारांत असतं. त्याचा अर्थ दर बदलू शकतो एवढाच. कारण न सांगता बदलू शकतो, असा नाही. बिल्डरने छापून आणलेल्या आणि खरेदीदाराने निमूट सह्या केलेल्या एकतर्फी अटी खरेदीदाराला बांधून ठेवत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात सांगितलं आहे.

आता ‘वाजवी’ ठरवायचं कसं? बहुतेक रहिवासी इथेच घसरतात. ‘दुप्पट केलं हो साहेब!’ एवढ्यावर कोणताही अधिकारी निकाल देणार नाही. दुप्पट वाढसुद्धा रास्त असू शकते आणि दहा टक्के वाढ बेकायदा. ठरतं ते हिशोबावर. ज्या देशांत खासगी कंपन्या पाणी विकतात तिथे या हिशोबाची शिस्त बसलेली आहे. अमेरिकेत राज्यांचे आयोग असे दर तपासतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ च्या खासगीकरणापासून नियामक दर पाच वर्षांनी दराच्या मर्यादा घालून देतो. ते नियम इथे बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला फार उपयोगी आहेत. त्यातला एक तर तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. ज्या यंत्रणेचा पैसा ग्राहकांनी किंवा जमिनीच्या विकासकाने आधीच दिला आहे, तिच्यावर पाणी कंपनीला दरातून परतावा मागता येत नाही, असा तिकडचा सर्वसाधारण दंडक आहे. तुमच्या एसटीपीचा, पंपांचा, पाइपलाइनचा खर्च फ्लॅटच्या किमतीत किंवा ‘इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस’मध्ये वसूल झालेला असणार. करार काढा आणि पाहा. तसं असेल तर ‘प्लांट रिकव्हरी’ म्हणजे एकाच वस्तूचे दोनदा पैसे. माझ्या मते तुमच्या बिलातली सगळ्यात कच्ची ओळ हीच.

दुसरी कच्ची बाजू एप्रिलपासूनची थकबाकी. तुम्ही त्या महिन्यांची बिलं तेव्हाच्या दराने भरली, त्यांनी ती स्वीकारली. मागाहून दर वाढवून जुना हिशोब पुन्हा उघडण्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिलेला नसेल, तर तो टिकणं अवघड आहे.

मग उरतो हजार लिटरचा दर. इथे त्यांचं काही खरंही असू शकेल. वीज महागली असेल, टँकर मागवावे लागत असतील. पण टँकरच का, हा प्रश्न सोडू नका. मोठ्या टाउनशिपला परवानगी देताना शासनाच्या नियमावलीत अट असते की विकासकाने भूजल सोडून पाण्याचा स्रोत उभारायचा, किंवा पाणीपुरवठा संस्थेकडून पक्की हमी मिळवायची, आणि तीही माणशी दररोज किमान १४० लिटरची. तुमचा प्रकल्प त्या नियमावलीखाली मंजूर झाला असेल आणि आज टँकरवर चालत असेल, तर ती बिल्डरची चूक आहे आणि तिचा भुर्दंड तुमच्या मीटरवर टाकता येणार नाही. जिल्हाधिकारी कार्यालय किंवा नियोजन प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात मंजुरीपत्र आणि त्याच्या अटी मागवा. खासगी कंपनीला थेट माहिती अधिकार लागू होत नाही, पण तिने सरकारला दिलेली कागदपत्रं मिळतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एसटीपीचं संमतीपत्रही मागवा. शुद्ध केलेलं पाणी फ्लशिंगला आणि बागेला वापरायची अट त्यात असेल आणि बागेला मात्र टँकरचं पाणी जात असेल, तर तेही लिहा.

कंपनीला लेखी पत्र देऊन मागायच्या गोष्टी वेगळ्या: दोन वर्षांची वीजबिलं, टँकरच्या पावत्या, मुख्य मीटरवर मोजलेलं एकूण पाणी आणि सगळ्या घरगुती मीटरची बेरीज. शेवटच्या दोन आकड्यांतली तफावत हमखास बोलते. पुढच्या टप्प्याचं बांधकाम चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याचं पाणी, क्लबहाउसचं पाणी, न विकलेल्या फ्लॅटचा वाटा, हे सगळं राहणाऱ्यांच्या दरात मिसळलेलं असण्याची शक्यता दाट आहे. कंपनीने कागद दिले नाहीत तर बिघडत नाही. रेराच्या कलम ३५ खाली महारेरा हिशोबाची पुस्तकं मागवू शकतं. तुम्ही लेखी मागितले आणि मिळाले नाहीत, हे मात्र तेव्हा दाखवता यायला हवं.

ग्रुपवरच्या ठरावाबद्दल. बिल बंद करू नका. मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीबाबतच्या राज्याच्या कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे प्रवर्तक किंवा व्यवस्थापन सांभाळणारा कोणीही रास्त आणि पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज, लिफ्ट, स्वच्छता यांसारख्या सेवा तोडू शकत नाही. तोडल्यास कोर्टाकडून त्या पूर्ववत करून घेता येतात. सरसकट पैसे थांबवलेत की ते ‘रास्त कारण’ तुम्हीच त्यांच्या हातात देता. शिवाय रेरात देखभाल आणि पाण्याचे पैसे वेळेवर देणं ही खरेदीदाराचीही जबाबदारी आहे, उशीर झाल्यास व्याज लागतं. माझा सल्ला असा: चालू महिन्याचं बिल नव्या दराने भरा, पण ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं ईमेलने कळवून. प्लांट रिकव्हरी आणि मागची थकबाकी मात्र रोखा आणि का रोखली ते त्याच ईमेलमध्ये लिहा. नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे.

तक्रार महारेरात कलम ३१ खाली करा, सोसायट्यांनी मिळून, आणि कलम ३६ खाली पाणी तोडण्याला अंतरिम मनाई मागा. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेरामुळे तो बंद होत नाही असं म्हटलं आहे. तरी या प्रकरणात मी महारेराच निवडेन, कारण ‘वाजवी आकार’ हे शब्द त्याच कायद्यात आहेत. साध्या दिवाणी दाव्याच्या फंदात पडू नका, रेराच्या कक्षेतले वाद दिवाणी कोर्टात न्यायला मनाई करणारं कलम ७९ आडवं येईल.

फेडरेशन नोंदवून यंत्रणा ताब्यात घ्यायचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटी मांडलाय. जरूर करा, कायमचा उपाय तोच आहे. पण ताबा घेण्याआधी एसटीपी आणि पाइपलाइनचं बाहेरच्या अभियंत्याकडून ऑडिट करून घ्या, नाहीतर मोडकं यंत्र गळ्यात पडेल आणि पुढची दरवाढ तुमच्याच समितीला करावी लागेल. रेराच्या कलम १४(३) खाली बांधकामातले आणि सेवांमधले दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिले तर बिल्डरला ३० दिवसांत फुकट दुरुस्त करावे लागतात. तुमची साडेचार वर्षं होऊन गेलीत. तेव्हा दराची तक्रार तयार होईपर्यंत थांबू नका. ऑडिट आधी, दोषांची नोटीस लगेच.